टाचदुखी : नुसती विश्रांती नको, पायाला बळ द्या



पहाटे उठून जमिनीवर पहिले पाऊल टाकले, की टाचेत खिळा घुसल्यागत कळ येते. चार पावले चालले की जरा बरे वाटते. दिवसभर रानात हिंडून, घटकाभर टेकून पुन्हा उठले, की तीच कळ हजर! हे दुखणे आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे आहे. "टाचेचं हाड वाढलंय, आता काय करायचं?" असे म्हणून माणूस गप्प बसतो.

पण वाढलेले हाड हे बहुधा दुखण्याचे मूळ नसते. ज्यांची टाच कधीच दुखत नाही, अशांच्याही एक्स-रेत ते दिसते. खरे दुखणे तळव्यातल्या पट्ट्याचे. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत हा चिवट पट्टा धनुष्याच्या दोरीसारखा पायाची कमान धरून ठेवतो. झेपणार नाही इतका ताण रोज पडला, की टाचेकडची त्याची बाजू खराब होऊन दुखू लागते. तासन् तास उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या, झिजलेल्या चपला ही त्याची नेहमीची कारणे.

विश्रांतीने कळ थांबते, पण पट्ट्यात बळ येत नाही. इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो. मात्र ते वरचेवर घेतल्यास पट्टा तुटण्याचा धोका असतो. तेव्हा खालील दोन व्यायाम करून पाहावेत.

१. ताणाचा व्यायाम : सकाळी अंथरुणावरून उतरण्याआधीच करावा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढा, तळवा ताणलेला जाणवला पाहिजे. १० आकडे मोजा, सोडा. असे १० वेळा, दिवसातून तीनदा.

२. बळाचा व्यायाम : पायरीच्या कडेवर चवडा टेकून उभे राहा, टाच बाहेर अधांतरी. बोटांखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवा. बोटे वर वळली की पट्टा ताणला जातो. भिंतीचा आधार घ्या. ३ सेकंदांत टाच वर उचला, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत सावकाश खाली या. एका पायावर १२ वेळा, असे तीन फेरे. जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर करा. हा व्यायाम एक दिवसाआड करावा, रोज नको. दोन आठवड्यांनी पोरांच्या दप्तरात पुस्तके भरून ते पाठीला लावा आणि १० वेळांचे चार फेरे करा. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ वेळांचे पाच फेरे.

डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर याची परीक्षा झाली. तिचा अहवाल २०१४ साली आला. तीन महिन्यांनी बळाचा व्यायाम करणाऱ्यांना नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. वर्षअखेर मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले होते. म्हणजे ताणाने गुण येतो, पण बळाने तो लवकर येतो.

व्यायाम करताना थोडे दुखेल, त्याला भिऊ नये. दुसऱ्या दिवशी कळ वाढली तर वजन कमी करावे. नव्या गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही, तसेच हे. घरात-अंगणात अनवाणी फिरू नका, मऊ टाचेची चप्पल वापरा.

मधुमेह असून पायाला बधिरपणा असेल, टाच सुजली असेल, ताप येत असेल, रात्री पडल्या जागीही ठणकत असेल किंवा मार लागल्यावर पाय टेकवत नसेल, तर घरचे उपाय न करता आधी डॉक्टरांना दाखवा. व्यायाम नीट होतो की नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेतलेले चांगले.

आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून पुष्कळजण व्यायाम सोडतात, तिथेच घोटाळा होतो. आडसाली उसासाठी आपण सोळा-अठरा महिने कळ काढतो. ज्या पायांवर सारी शेती उभी आहे, त्यांना तीन महिने द्यायला काय हरकत आहे?