पार्सल ‘डिलिव्हर्ड’, पण हातात नाही! ओटीपी देण्याआधी हे वाचा

मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज येतो, दारात मात्र काहीच नसतं. तक्रार केली की पहिला प्रश्न येतो, ‘ओटीपी दिला होता का?’ पार्सल मिळाल्याची सही पूर्वी कागदावर व्हायची. आता अनेक ठिकाणी ओटीपी हीच सही आहे.

ओटीपी कधी द्यावा?

पार्सल हातात आल्यावरच. ‘गेटवर ठेवतो, ओटीपी सांगा’ असं कुणी फोनवर म्हटलं तरी घाई नको. वॉचमनकडे ठेवायचं असेल, तर आधी त्याच्याशी बोलून पार्सल मिळाल्याची खात्री करा. ऑर्डर केलेली नसताना कुणी ओटीपी मागत असेल, तर तो फसवणुकीचा प्रकार असू शकतो.

बॉक्स फुटलेला असेल तर?

टेप उचकटलेली किंवा दुसऱ्यांदा लावलेली दिसली, तर फोटो काढा आणि पार्सल परत पाठवा. मोबाइल, लॅपटॉपसाठी ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ मिळत असेल तर तीच निवडा. नाहीतर पत्त्याच्या लेबलपासून वस्तू बाहेर काढेपर्यंतचा सलग व्हिडिओ करा.

पोस्टाने पाठवताना काय कराल?

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. स्पीड पोस्टला ‘रजिस्ट्रेशन’ जोडलं, तर पार्सल पत्त्यावरच्या किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीलाच मिळतं. ओटीपी डिलिव्हरीचाही पर्याय आहे. दोन्हींसाठी प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी लागतो.

स्पीड पोस्ट हरवल्यास भरपाईचा नियम मात्र अनेकांना माहीत नसतो. भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. म्हणजे शुल्क १०० रुपये असेल, तर हाती येतील २००. मग आत १५ हजारांची साडी का असेना! त्यामुळे महागड्या वस्तूचा विमा काउंटरवरच काढा.

तक्रार कुठे करायची?

आधी अ‍ॅपवर, त्याच दिवशी. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणं बंधनकारक आहे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. त्यानंतर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर तिथे शुल्क लागत नाही.

बिल, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट आणि तो व्हिडिओ तोपर्यंत डिलीट करू नका.