थायलेरियावरच्या नव्या औषधाची खरी कसोटी

थायलेरिया ॲन्युलाटा हा रक्तातला परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडीतून जनावरात शिरतो. संकरित गाईची खांद्यापुढची गाठ सुजते, ताप सणकतो, दूध आटतं आणि काही दिवसांत गाय पांढरीफटक पडते. १९८०च्या दशकापासून या रोगात सगळी भिस्त ब्युपारव्हाकोन या एकाच औषधावर आहे. ते परजीवीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर घाव घालतं. ट्युनिशिया, इराण आणि सुदानमधल्या परजीवींत नेमके याच प्रथिनाच्या जनुकात बदल आढळले आहेत. म्हणून नवं संयुग हाती आलं, की ते ब्युपारव्हाकोनला दाद न देणाऱ्या परजीवीवर आधी तपासावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच प्रथिनावर बेतलेलं संयुग कितीही प्रभावी दिसलं, तरी ते त्याच वाटेनं निकामी होण्याचा धोका राहतो.

प्रयोगशाळेतली चाचणी दिसते तितकी सरळ नसते. हा परजीवी गाईच्या पांढऱ्या पेशीत राहून तिला कर्करोगाच्या पेशीसारखं विभागत ठेवतो आणि तिच्या तर्कूतंतूंना चिकटून दोन्ही नव्या पेशींत वाटला जातो. त्यामुळे गोचिडीशिवायही तो पेशींसोबत वाढवता येतो, ही मोठीच सोय. पण संयुग घातल्यावर पेशी घटल्या, तर परजीवी मेला की विषानं गाईची पेशीच मेली? म्हणून टीबीएल-२० ही बाधित पेशीमालिका आणि बीएल-२० ही गाईच्या लसिका-कर्करोगातून घेतलेली, परजीवी नसलेली मालिका शेजारीशेजारी वाढवतात. पहिली थांबली आणि दुसरी वाढत राहिली, तरच संयुगात दम आहे असं म्हणता येतं.

औषध फसतं ते उपचाराला उशीर झाल्यानं, असा आक्षेप घेतला जातो. तो बऱ्याचदा खराही असतो, पण उशिरानं जनुक बदलत नाही. लस आणि गोचीड-नियंत्रणावर भर द्या, हे म्हणणंही रास्त आहे. मात्र भारतातली जिवंत लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपावी लागते, गोचिडी फवारणीला सरावतात आणि गोठ्यात तापानं फणफणलेल्या गाईला त्या क्षणी औषधच लागतं. म्हणून पशुवैद्यकांना विनंती: ब्युपारव्हाकोन वेळेत, पूर्ण मात्रेत देऊनही गुण आला नाही, तर त्या गाईच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे अवश्य पाठवा. नव्या संयुगांची परीक्षा घ्यायला तेच परजीवी हवे आहेत.