गिटारीचा सूर खालीं कसा उतरवावा

बाजारांत मिळणारी गिटार एका ठरावीक उंचीच्या सुरांसाठीं बांधलेली असते. गाणाऱ्याचा गळा मात्र कोणत्याहि मापानें बांधून मिळत नाहीं. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आमच्यासारख्या शाळांत दरवर्षीं उभा राहतो. आठवी-नववीच्या वर्गांतील मुलांचा आवाज फुटूं लागतो, आणि गेल्या वर्षीं समूहगीतांत पुढच्या रांगेंत उभीं राहून गाणारीं मुलें यंदा ओठ मिटून मागें उभीं राहतात. ‘सर, आमचा आवाज गेला,’ असें तीं म्हणतात. वास्तविक आवाज गेलेला नसतो; तो खालीं उतरलेला असतो. अशा वेळीं मुलास गप्प बसविण्यापेक्षां वाद्यास खालीं उतरविणें अधिक शहाणपणाचें होय. तें कसें करावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

तारेचा सूर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : तारेची लांबी, तिचा ताण व तिचें वजन. फ्रान्समधील मेर्सेन नांवाच्या मठवासी विद्वानानें १६३६ सालीं हे नियम ग्रंथरूपानें मांडले. तार जितकी लांब तितका सूर खालचा. जितकी जड तितका खालचा. आणि जितकी ताणावी तितका वरचा. मनुष्याच्या कंठासहि हेंच तत्त्व लागू आहे. वयांत येतांना मुलाच्या स्वररज्जू लांब व जाड होतात, आणि त्यामुळें त्याचा आवाज सुमारें एक सप्तक खालीं येतो. मुलें ज्यास दोष समजतात, ती निसर्गानें केलेली तारांची अदलाबदल होय.

आतां गिटारीकडे वळूं. नेहमींच्या सुरांत लावली असतां तिची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२.४ कंपनें करिते. सर्व तारा एक पूर्ण स्वर खालीं उतरविल्या, तर हीं कंपनें ७३.४ होतात. कंपनें ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत बदलतात. म्हणून ताण मूळच्या सुमारें ७९ टक्के उरतो. इतका फरक बहुतेक गिटारी सहज सोसतात. परंतु षड्जापासून मध्यमापर्यंतचें, म्हणजे पांच अर्धस्वरांचें अंतर उतरूं गेल्यास कंपनें ६१.७ व ताण अवघा ५६ टक्के उरतो. मग तार सैल पडून पडद्यांवर आपटते व झणझणते. जोरानें छेडतांच सूर क्षणभर वर चढतो. बोट किंचित् अधिक दाबलें तरी स्वर बिघडतो. दांडीवरील एकंदर ओढ कमी झाल्यानें तिचा बाक बदलतो, व तारा पडद्यांच्या अधिकच जवळ येतात.

या अडचणीवर कारागिरांनीं काढलेला उपाय म्हणजे बॅरिटोन गिटार. पुरुषांच्या मधल्या पट्टीच्या आवाजासहि बॅरिटोन हेंच नांव आहे. साध्या गिटारींत तारेची मोकळी लांबी बहुधा २५.५ इंच असते. बॅरिटोनमध्यें ती साधारणतः २७ ते ३० इंच असते. केवळ लांबी वाढवून काम भागेल काय? हिशेब करून पाहावा. तीच तार त्याच ताणावर मध्यमाइतकी उतरविण्यास लांबी चार-तृतीयांशपट, म्हणजे ३४ इंच करावी लागेल. आणि ही तर बास गिटारीची लांबी झाली! तेथें डाव्या हातास नेहमींचे स्वरसमूह धरणें कठीण जातें. उलट लांबी तीच ठेवून केवळ तार जाड करावी, तर ती ताठर होऊन तिचा नाद बोजड होतो. म्हणून थोडी लांबी व थोडी जाडी असा मध्यममार्ग पत्करिलेला आहे. मध्यमाइतक्या उतरलेल्या अशा गिटारीस पांचव्या पडद्यावर कॅपो बसविला, कीं ती पुन्हां नेहमींच्या सुरांत बोलूं लागते. अमेरिकन वादक पॅट मेथेनी यांची २००३ सालीं प्रसिद्ध झालेली ‘वन क्वाएट नाइट’ ही ध्वनिमुद्रिका बॅरिटोन गिटारीच्या नादाचा उत्तम नमुना आहे.

हें तत्त्व आपणांस परकें नाहीं. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे व सतारी घडवीत आले आहेत. २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेथें पुरुषांचा तंबोरा वेगळा, स्त्रियांचा वेगळा. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पांचच्या. म्हणून पुरुषांच्या तंबोऱ्याचा भोपळा मोठा, दांडी लांब व तारा जाड असतात. खर्जासाठीं तर पोलादाऐवजीं जाड पितळी तार घालितात. स्त्रियांच्या तंबोऱ्याच्या तारा नुसत्या ढिल्या करून पुरुषांचा तंबोरा होत नाहीं.

बॅरिटोन गिटार विकत घेणें प्रत्येकास शक्य नाहीं, व शाळेच्या कामास तिची गरजहि नाहीं. प्रथम सर्व मुलांस गावयास सांगून कोणता वरचा स्वर सर्वांस न ओढतां लागतो, तें पाहावें. बहुधा अर्धा किंवा एक स्वर उतरविल्यानें काम होतें. फार उतरविल्यास मुलींचे आवाज दबतात. तार आधीं हव्या त्या सुराच्याहि खालीं सोडावी व मग चढवीत सुरावर आणावी, म्हणजे ती मागाहून घसरत नाहीं. याहून खालीं जावयाचें असल्यास जाड तारांचा संच घालावा, व त्या खांचेंत नीट बसाव्या म्हणून जाणत्या कारागिराकडून खांच रुंद करून घ्यावी. निफाडच्या थंडींत आणखी एक पथ्य आहे. गारठ्यानें पोलादी तार आकसून सूर चढतो. म्हणून सकाळीं वाद्य खोलींत कांहीं वेळ ठेवून मगच लावावें. पेटीवाल्यासहि आधीं सूचना द्यावी : गिटार एक स्वर उतरली असतां वादकानें ‘सी’चा स्वरसमूह धरला, तर पेटीवर पांढरी एक नव्हे, काळी पांच धरावी लागेल.

आवाज फुटण्याचा काळ कायमचा नसतो. परंतु त्या काळांत जो मुलगा गाण्यापासून तुटतो, तो पुढें परत येईलच असें नाहीं. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, शेजारचा सोबती गातांना थांबला, तर त्यास हसूं नका. खुंट्या थोड्या सैल करा, आणि त्यास पुन्हां गावयास सांगा.