पाइलचा कानोसा

खड्ड्यात उतरलेला माणूस आधी पाइलचं डोकं हाताने झाडून घेतो. दोन-तीन आठवड्यांपूर्वी ओतलेलं काँक्रीट, वरचा कच्चा मातकट थर ब्रेकरने फोडून काढलेला, भोवती कमरेएवढ्या उंच सळ्या. तो ग्राइंडरने चार-पाच ठिकाणी रुपयाएवढी जागा गुळगुळीत करतो, एका जागी अंगठ्याएवढा सेन्सर मेणाने चिकटवतो आणि किलोभर वजनाच्या हातोडीने शेजारी ठोका देतो. टक्. हातातल्या पडद्यावर एक रेघ उमटते. आणखी काही ठोके, आणखी काही रेघा, आणि तो पुढच्या पाइलकडे वळतो. पाचेक मिनिटांचं काम. त्याच्या पायांखाली मात्र इमारतीचा भार पेलणारं वीस मीटर काँक्रीट उभं आहे आणि ते यापुढे कुणाच्याही नजरेस पडणार नाही.

इमारतीचा बाकी प्रत्येक भाग कधी ना कधी उघड्यावर येतो. कॉलमचं शटरिंग काढलं की आत राहिलेली पोकळी, म्हणजे साइटवरच्या भाषेत हनीकोंब, लगेच दिसते. स्लॅबमध्ये खोट असेल तर पहिल्याच पावसात ती छतावर ओल धरते. पाइलचं शटरिंग म्हणजे खुद्द जमीन, आणि ते कधीच काढायचं नसतं. काहीही न फोडता, न उपसता आतलं काँक्रीट सलग आहे का हे ओळखायच्या चाचण्या या गरजेतून आल्या. साइटवर त्यांना ‘इंटिग्रिटी टेस्ट’ म्हणतात.

खोट कुठे शिरते हे कळायला पाइल कसा घडतो ते पाहावं लागतं. रिगने खोल भोक पाडतात. बाजूची माती ढासळू नये म्हणून ते बेंटोनाइटच्या चिखलवजा द्रावणाने भरलेलं ठेवतात. मग सळ्यांचा पिंजरा, म्हणजे केज, उतरवतात आणि ट्रेमी नावाचा लांब पाइप तळापर्यंत सोडून त्यातून काँक्रीट ओततात. काँक्रीट तळापासून वर चढत जातं आणि बेंटोनाइटला वर ढकलून बाहेर काढतं. हे सगळं न पाहता, अंदाजाने आणि मोजमापाने चालतं. ट्रेमीचं तोंड ताज्या काँक्रीटमध्ये सतत बुडालेलं राहिलं पाहिजे. पाइप वर ओढताना हिशेब चुकला आणि तोंड उघडं पडलं, की बेंटोनाइट आत मिसळतं आणि पाइलच्या ऐन मध्यावर चिखलाचा पट्टा तयार होतो. पुढचा मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकला तर आधीचं काँक्रीट आवळायला लागतं आणि सळ्यांच्या फटींतून बाहेर सरकत नाही. भोकाला आधार देणारा लायनर, म्हणजे पोलादी नळा, घाईने उपसला तर भोवतालची माती आत दबते आणि पाइलची कंबर बारीक होते. त्याला ‘नेकिंग’ म्हणतात. भोकाचा तळ नीट धुतला नसेल तर पाइल कातळावर टेकतच नाही, गाळावर टेकतो.

असल्या चुका काही मिनिटांत होतात. त्यांचा पत्ता लावायचा तर ठोक्याचा हिशेब मांडावा लागतो.

ठोक्यातून निघालेली लहर काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे 4,000 मीटर वेगाने खाली धावते आणि तळाला आपटून परत फिरते. वीस मीटरच्या पाइलमध्ये जाऊन-येऊन 40 मीटर, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, 10 मिलिसेकंद. रेघेवर बरोबर तिथे तळाची खूण उमटली आणि मधली वाट सपाट असली तर पाइल सलग आहे असं मानायला आधार मिळतो. वाटेत पाइल बारीक झाला असेल किंवा काँक्रीट कच्चं राहिलं असेल, तर लहरीचा काही भाग तिथूनच मागे येतो आणि वेळेआधीच एक उंचवटा दिसतो. पाइल फुगला असेल तर तीच खूण उलट्या बाजूला उमटते.

या हिशेबाला साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे. पाइल ठोकताना त्यातून जाणाऱ्या लहरीचं गणित संगणकावर सोडवण्याची रीत अमेरिकन अभियंता ई. ए. एल. स्मिथ यांनी 1960 साली प्रसिद्ध केली. 1964 मध्ये क्लीव्हलँडमध्ये जॉर्ज गोबल यांच्या संशोधनाला सुरुवात झाली. त्यांच्या गटाने ठोकल्या जाणाऱ्या पाइलच्या डोक्यावर बल आणि त्वरण प्रत्यक्ष मोजलं. तिकडे फ्रान्समध्ये झाँ पाके यांनी 1968 मध्ये काँक्रीटच्या पाइलच्या कंपनांचा अभ्यास मांडला. भारतीय मानक ब्युरोने पाइलच्या इंटिग्रिटी चाचणीसाठी आयएस 14893 हे मार्गदर्शक 2001 साली काढलं.

बाजारात मडकं घेताना टिचकी मारून पाहतात, तशीच ही चाचणी असल्याचं साइटवर सहज सांगितलं जातं. पण मडक्याभोवती हवा असते, ते मोकळं वाजतं. पाइलला माती चारी बाजूंनी धरून असते आणि लहरीचा जोर वाटेतच शोषून घेते. त्यामुळे हातोडीचा आवाका पाइलच्या व्यासाच्या साधारण तीसपट लांबीपर्यंतच धरतात. 600 मिलिमीटरच्या पाइलला सुमारे 18 मीटर. माती घट्ट असेल तर त्याहूनही कमी. शिवाय ठोका साधारण एक मिलिसेकंद टिकतो आणि तेवढ्या वेळात लहर चार मीटर पसरलेली असते. एवढ्या लांब लहरीला वीतभर पोकळी जाणवत नाही.

आणखी एक फसवी जागा आहे. रेघेवर मिळतो तो वेळ; लांबी काढायला वेग गृहीत धरावा लागतो. काँक्रीट थोडं हलकं असेल आणि त्यात लहर 3,600 मीटर वेगाने धावत असेल, तर 18 मीटरचा पाइलही तळाची खूण 10 मिलिसेकंदांवरच दाखवतो. दोन मीटरची चोरी या रेघेत लपू शकते. म्हणून जाणकार माणूस एका पाइलची रेघ एकटी वाचत नाही. तो शेजारच्या पाइलांच्या रेघा, भोक पाडतानाची नोंद आणि किती घनमीटर काँक्रीट गेलं त्याची चिठ्ठी सोबत घेऊन बसतो.

मुंबईत या अडचणींना कातळाची भर पडते. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या पायात 604 पाइल आहेत, त्यांतले 120 दोन मीटर व्यासाचे आणि 484 दीड मीटरचे. समुद्राखाली कुठे कुजून भुसभुशीत झालेला ज्वालामुखीजन्य खडक, तर कुठे अखंड कठीण कातळ. पाइल अशा कातळात रुतवला की काँक्रीट आणि खडक लहरीला जवळपास सारखेच वाटतात. ती तळावरून परतण्याऐवजी खडकात निघून जाते आणि तळाची खूण पुसट होते. पाइल जितका नीट बसलेला, तितका हातोडीला तो कमी कळतो.

मोठ्या व्यासाच्या पाइलसाठी म्हणूनच दुसरी वाट धरतात, पण तिची तयारी काँक्रीट ओतण्याआधी करावी लागते. केजला आतल्या बाजूने पोलादी किंवा प्लास्टिकच्या नळ्या उभ्या बांधतात. व्यासाच्या दर फुटाला एक नळी, असा ढोबळ हिशेब असतो. नळ्या पाण्याने भरून ठेवतात आणि काँक्रीट आवळल्यावर चाचणी करतात. एका नळीत आवाज सोडणारा प्रोब, दुसरीत ऐकणारा, दोन्ही तळापर्यंत सोडून एकाच गतीने वर ओढतात. इथे आवाज कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला सुमारे 50,000 कंपनांचा असतो. त्याची तरंगलांबी जेमतेम 8 सेंटिमीटर भरते. हातोडीच्या चार मीटरच्या लहरीपुढे ही नजर फारच बारीक आहे. नळ्यांमध्ये 80 सेंटिमीटर अंतर असेल तर आवाजाला पोहोचायला सेकंदाचे दोनशे दशलक्षांश लागतात. तो उशिरा आला किंवा क्षीण होऊन आला, की वाटेत चिखल, पोकळी किंवा कच्चं काँक्रीट असल्याचा संशय घेतात. चार नळ्या असल्या की जोड्या सहा होतात, सहा असल्या की पंधरा. सगळ्या जोड्या जुळवून दोष कोणत्या खोलीवर आणि कोणत्या बाजूला आहे ते काढता येतं.

या पद्धतीचाही एक आंधळा पट्टा आहे. ती फक्त नळ्यांच्या मधलं पाहते. केजच्या बाहेरचं कव्हर, जे सळ्यांना गंजापासून वाचवतं, ते तिच्या टप्प्यात येत नाही. खाऱ्या पाण्यातल्या पाइलला या कव्हरचा मोठा आधार असतो. चाचणीला उशीर झाला तर आणखी एक अडचण येते: प्लास्टिकची नळी भोवतीच्या काँक्रीटपासून सुटते, मधल्या फटीत आवाज अडतो आणि चांगला पाइलही वाईट दिसतो.

कव्हरपर्यंत पोहोचणारी पद्धत उष्णतेवर चालते. सिमेंट पाणी धरताना तापतं. केजवर ठरावीक अंतराने तापमापक बांधलेल्या केबल सोडल्या, तर पहिल्या एक-दोन दिवसांत पाइल आपलं रूप स्वतःच सांगतो. जिथे काँक्रीट कमी तिथे तो गार, जिथे फुगलेला तिथे गरम. केज एका बाजूला सरकला असेल तर एक केबल थंड भिंतीजवळ जाते, समोरची गरम गाभ्याजवळ, आणि दोन्हींच्या वाचनांतला फरक केज किती सरकला ते दाखवतो. साउथ फ्लोरिडा विद्यापीठात ग्रे मलिन्स यांनी वाढवलेल्या या पद्धतीला 2014 मध्ये अमेरिकन मानक मिळालं. तिचा मोठा फायदा वेळेचा आहे. खोट कळते तेव्हा रिग अजून साइटवर उभी असते.

या सगळ्यांवर विश्वास किती ठेवायचा? मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट इथे संशोधकांनी मुद्दाम दोष पेरलेले पाइल ओतले आणि वेगवेगळ्या तपासनिसांना ते काय आहेत हे न सांगता तपासायला लावलं. पाइलच्या छेदाच्या दहा टक्क्यांहून मोठे दोष बहुतेकांना सापडले. लहान दोष अनेकांच्या हातून निसटले. पुरवठादाराचं माहितीपत्रक आणि अभियंत्याची सही यांच्यामध्ये हा निष्कर्ष ठेवायला हवा. कोणता दोष दिसेल आणि कोणता दिसणार नाही हे माहीत असलेला माणूसच ‘ठीक’ हा शेरा जबाबदारीने लिहू शकतो.

यंत्र नीट असून माणूस चुकला तर काय होतं, हे कॅलिफोर्नियाने पाहिलं. तिथल्या वाहतूक खात्यात नळीत किरणोत्सारी स्रोत सोडून भोवतीच्या काँक्रीटची घनता मोजण्याची पद्धत रूढ आहे. 2011 मध्ये एका वृत्तपत्राने उघड केलं की खात्याच्या एका तंत्रज्ञाने काही पुलांच्या चाचण्यांची आकडेवारी बनावट तयार केली होती. त्याने सॅन फ्रान्सिस्को-ओकलँडच्या नव्या बे ब्रिजच्या मनोऱ्याच्या पायावरही काम केलेलं असल्याने खळबळ उडाली. त्याला नोकरीतून काढलं आणि जुन्या नोंदी पुन्हा तपासायची वेळ आली.

हाँगकाँगमध्ये त्याआधीच याहून मोठी किंमत मोजावी लागली होती. शा टिनमधल्या सरकारी गृहप्रकल्पात तीसहून अधिक मजले चढलेल्या दोन इमारतींचे बहुतेक पाइल ठरल्यापेक्षा आखूड निघाले. गृहनिर्माण प्राधिकरणाच्या अध्यक्षा रोझॅना वाँग यांनी जून 2000 मध्ये राजीनामा दिला. रहिवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या त्या दोन्ही इमारती शेवटी पाडल्या गेल्या.

चाचणीवर किती विसंबायचं हा प्रश्न मुंबईच्या किनारी रस्त्याने आणखी टोकदार केला आहे. समुद्रातल्या पुलांच्या एकेका खांबाखाली चार-चार पाइलांचा गट बांधायचा, तर 704 पाइल लागले असते. त्याऐवजी एका खांबाला एकच जाड पाइल, अशी 176 पाइलांची एकल रचना केली गेली. सर्वांत मोठ्या पाइलचा व्यास साडेतीन मीटर आहे. समुद्राचा तळ त्यामुळे कमी खोदावा लागला, पण सुरक्षिततेचं गणित बदललं. चारांतला एक पाइल कच्चा निघाला तर उरलेले तीन त्याचा भार काही प्रमाणात वाटून घेतात. एकट्या पाइलला वाटेकरी नाही. अशा कामात नळ्या बांधून चाचणी करणं ही कागदोपत्री अट मानून चालत नाही; खांबाची सगळी भिस्त त्या एका वाचनावर असते.

संशय पक्का झाला की आधी कोअर कापतात, म्हणजे वरून ड्रिलने काँक्रीटचा दंडगोल काढून डोळ्यांनी पाहतात. मध्ये चिखल सापडला तर पाण्याच्या जोराने तो धुऊन तिथे दाबाखाली ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरतात. तेवढ्याने भागणार नसेल तर शेजारी जादा पाइल टाकून पाइल कॅपचं, म्हणजे पाइलांची डोकी एकत्र बांधणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्याचं, डिझाइन बदलावं लागतं. इंटिग्रिटी चाचणी पाइल सलग आहे का एवढंच सांगते. तो किती भार पेलेल हे मात्र नाही. त्यासाठी लोड टेस्ट वेगळी असते. त्यात कामाच्या पाइलवर ठरलेल्या भाराच्या दीडपट आणि सुरुवातीच्या प्रायोगिक पाइलवर अडीचपट भार टाकून तो किती खचतो ते मोजतात.

अहवाल ‘ठीक’ आला की नळ्यांमधलं पाणी काढून त्यांत ग्राउट भरतात आणि तोंडं कापून टाकतात. पाइलच्या डोक्यावरच्या उभ्या सळ्यांभोवती पाइल कॅपची जाळी बांधायला सुरुवात होते. हातोडीवाला माणूस सेन्सरचं मेण खरवडून डबीत टाकतो, केबल गुंडाळतो आणि पुढच्या खड्ड्याची शिडी उतरतो. दुपारी पंप लागतो. संध्याकाळपर्यंत सकाळच्या सगळ्या गुळगुळीत खुणा ताज्या काँक्रीटखाली गेलेल्या असतात.