मारिओ लान्झा : उमेदवारीआधीची कीर्ती

अभिजात संगीत जनसामान्यांपर्यंत नेणाऱ्या कलावंताकडे जाणकार मंडळी बहुधा संशयानेच पाहतात. श्रोत्यांची गर्दी वाढली की कलेचा कस उतरला, असे गृहीत धरण्याची त्यांना सवय असते. अमेरिकन गायक मारिओ लान्झा याच्या वाट्याला हा संशय हयातीत आला आणि मृत्यूनंतरही त्याने पाठ सोडली नाही. लोकप्रियतेने त्याच्या कलेचा घात केला, असे सरसकट म्हटले जाते. त्याच्या आयुष्याचा क्रम नीट पाहिला, तर मात्र खरा घात घाईने केला, असे दिसून येते.

लान्झाचे मूळ नाव आल्फ्रेडो कोकोझा. ३१ जानेवारी १९२१ रोजी फिलाडेल्फिया येथे एका इटालियन स्थलांतरित कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑपेराचा अनभिषिक्त सम्राट एन्रिको कारूसो नेपल्समध्ये निवर्तला, हा योगायोग पुढे वारंवार सांगितला गेला. वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले आणि संसाराचा भार आई मारिया लान्झा हिच्यावर. कारूसोच्या ध्वनिमुद्रिका ऐकत वाढलेल्या मुलाने पुढे गायक म्हणून आईचेच माहेरचे नाव घेतले. १९४२ मध्ये बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक सर्ज कुसेव्हित्स्की यांनी त्याचा आवाज ऐकला आणि टँगलवूडच्या संगीत शिबिरासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. त्या उन्हाळ्यात तेथे ओटो निकोलाय याच्या ऑपेरात त्याने फेंटनची भूमिका गायिली. तेवढ्यात महायुद्ध आडवे आले आणि सैन्यात भरती व्हावे लागले.

युद्धानंतर एन्रिको रोझाती यांच्याकडे त्याची रीतसर तालीम सुरू झाली. बेन्यामिनो जिल्यी याच्यासारखा गायक ज्यांच्या हाताखाली तयार झाला, असे हे गुरू. ही तालीम जेमतेम सव्वा वर्ष चालली. १९४७ मध्ये जॉर्ज लंडन आणि फ्रान्सेस यीन्ड यांच्यासह लान्झाने ‘बेल कँटो त्रयी’ या नावाने मैफली सुरू केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉलिवूड बोल येथे तो गायिला आणि मेट्रो-गोल्डविन-मायर कंपनीचे लुई मायर यांनी त्याच्याशी सात वर्षांचा करार केला. एप्रिल १९४८ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ‘मादामा बटरफ्लाय’मधील पिंकर्टन त्याने दोन प्रयोगांत उभा केला. व्यावसायिक ऑपेराच्या रंगभूमीवर त्याने पूर्ण भूमिका गायिली ती एवढीच.

त्यानंतरचे यश डोळे दिपवणारे होते. १९५० च्या ‘द टोस्ट ऑफ न्यू ऑर्लिन्स’ या चित्रपटातील ‘बी माय लव्ह’ या गीताच्या दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. ज्या ‘रेड सील’ मालिकेत अभिजात संगीत निघत असे, तिच्या मानाने हा खप अपूर्व होता. १९५१ मध्ये ‘द ग्रेट कारूसो’ आला. ऑपेरागृहाचे तोंडही न पाहिलेल्या असंख्य प्रेक्षकांनी त्या अंधारात व्हेर्दी आणि पुच्चिनी यांचे संगीत प्रथमच ऐकले. शतकातील सर्वांत थोर गायकाची भूमिका करणारा हा तीस वर्षांचा तरुण स्वतः मात्र व्यावसायिक रंगभूमीवर फक्त दोन रात्री उभा राहिलेला होता. पुढच्या साऱ्या शोकांतिकेचे बीज या विसंगतीत आहे.

त्याचा आवाज ही मायक्रोफोनची किमया आहे, असा आक्षेप घेतला गेला. तो अन्यायाचा होता. कुसेव्हित्स्की यांनी पारखला तो आवाज मायक्रोफोनविनाच होता. परंतु आवाज ही ऑपेराची केवळ पहिली अट होय. चित्रपटातील गीत तीन-चार मिनिटांचे असते आणि मनासारखे उतरेपर्यंत पुनःपुन्हा मुद्रित करता येते. रंगमंचावर भर वाद्यवृंदासमोर, सहगायकांना सांभाळून, दोन-तीन तास दम राखावा लागतो. ही सिद्धी लहान नाट्यगृहांतील लहान भूमिकांतून, वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनेच येते. त्रयीतील जॉर्ज लंडन याने तो मार्ग धरला. १९४९ मध्ये तो व्हिएन्नाच्या ऑपेरात गेला आणि ‘द ग्रेट कारूसो’ गाजत असताना, १९५१ मध्येच, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये उभा राहिला. लान्झाला घराघरांत ओळखणाऱ्या बहुसंख्यांना लंडनचे नावही ठाऊक नव्हते. परंतु पायाखालची जमीन लंडनची पक्की होती.

लान्झाच्या पायाखालची सरकत गेली. वजन, मद्य आणि मनाचा तोल या तिन्हींशी त्याचा झगडा सुरू झाला. ‘द स्टुडंट प्रिन्स’च्या वेळी कंपनीशी बिनसले आणि १९५४ मध्ये तो चित्रपट झळकला तेव्हा पडद्यावर एडमंड पर्डम होता, आवाज तेवढा लान्झाचा. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर जुन्या ध्वनिमुद्रणावर त्याने नुसते ओठ हलवले, तेव्हा गहजब झाला आणि आवाज शाबूत असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्याला पत्रकारांना घरी बोलावून गावे लागले. १९५७ मध्ये तो रोमला जाऊन राहिला. पुढील वर्षी लंडनच्या अल्बर्ट हॉलसह युरोपात त्याच्या मैफली झाल्या. पण शरीर साथ देईना. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी रोममधील रुग्णालयात त्याचे निधन झाले. वय होते अवघे अडतीस.

त्याचे ऋण मान्य केले ते ऑपेराच्याच मानकऱ्यांनी. ‘द ग्रेट कारूसो’ पाहून होसे कारेरास याला बालपणी गाण्याचे वेड लागले आणि १९९४ मध्ये त्याने अल्बर्ट हॉलमध्ये लान्झाच्या स्मृतीस मैफल वाहिली. प्लासिदो दोमिंगो १९८३ मध्ये लान्झावरील अनुबोधपटाचा निवेदक झाला. हे दोघे आणि लुचानो पावारोत्ती १९९० मध्ये रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांच्या भग्नावशेषांत एकत्र गायिले आणि विश्वचषक फुटबॉलच्या निमित्ताने जमलेल्या जगाने ते ऐकले. त्यांनीही ऑपेरा बाजारपेठेत नेला; मात्र तत्पूर्वी प्रत्येकाने ऑपेरागृहात दोन-दोन दशके घालवली होती. लोकप्रियतेचा भार त्यांना पेलला तो या शिदोरीवर.

‘क्लासिकल क्रॉसओव्हर’ या नावाने आज हा स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. उपजत गळ्याचा तरुण हेरावा आणि विद्या पुरी होण्यापूर्वीच त्याला मंचावर चढवावे, हा मोह त्यात पदोपदी आहे. लान्झाच्या बाबतीत चित्रपट कंपनीने, ध्वनिमुद्रिका विकणाऱ्यांनी आणि श्रोत्यांनी त्याच्याकडे सर्व काही मागितले. आणखी पाच वर्षे शिकण्याची सवड त्याला द्यावी, असे मात्र त्यांपैकी कोणालाही वाटले नाही. कीर्तीच्या भरात ती सवड स्वतःहून मागण्याचे बळ त्या तरुणाजवळही नव्हते.