घरातले तीन-चार संगणक : काय ठेवावे, काय काढावे आणि आत काय आहे

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत आता संगणक एकटा राहिलेला नाही. हॉलमध्ये एक चालू लॅपटॉप असतो, दुसरा बॅटरी गेलेला कपाटात असतो, नातवाच्या खोलीत एक डेस्कटॉप असतो आणि माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला सीपीयू आणि डबा मॉनिटर असतो. दिवाळीच्या सफाईत दरवर्षी सूनबाई विचारतात, "बाबा, हे कबाडीला देऊन टाकू का?" आणि दरवर्षी उत्तर मिळते, "राहू दे, पुढच्या वर्षी बघू." या लेखात आम्ही तेच बघणे जरा पद्धतशीर करणार आहोत.

यंत्रे साठतात कशी

आमच्या पिढीतल्या बँकवाल्यांनी संगणक आधी नोकरीत पाहिला. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिने येऊ लागली. घरात संगणक आला तो मुलांसाठी, बहुधा विंडोज ९५ किंवा ९८ च्या काळात. मग एक्सपीचे यंत्र आले, मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला गेला तेव्हा लॅपटॉप आला, २०२० मध्ये शाळा घरी भरू लागली तेव्हा आणखी एक आला. मुले बाहेरगावी, काही परदेशी गेली. यंत्रे मात्र इंदूरलाच राहिली. हे कोणी ठरवून केलेले नाही. जुने यंत्र विकायला गेले तर काही मिळत नाही आणि टाकायला मन होत नाही, म्हणून ते राहते.

यंत्राची किंमत आणि आतली किंमत

आयकराच्या नियमांप्रमाणे संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. चाळीस हजारांचे यंत्र घेतले तर वहीतली किंमत पहिल्या वर्षाअखेर २४,०००, दुसऱ्या वर्षी १४,४००, तिसऱ्या वर्षी ८,६४० आणि पाचव्या वर्षाअखेर जेमतेम ३,११० रुपये उरते. बाजारातही साधारण तसेच घडते. म्हणजे यंत्राबद्दल फार हळवे होण्याचे कारण नाही.

पण आतल्या मजकुराला घसारा नसतो, उलट त्याची किंमत वर्षागणिक वाढते. आजोबांनी निवृत्तीनंतर दोन बोटांनी टाइप केलेला कुलवृत्तांत, आत्याच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा मजकूर, नाटकाच्या तालमीची हस्तलिखितावरून उतरवलेली संहिता. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या समाजाचा इतिहास ग्रंथालयांत थोडा आणि घराघरांत जास्त असतो. २००० सालच्या आसपास तो कागदावरून संगणकात गेला आणि पुष्कळ घरांत तिथेच थांबला. ज्यांनी तो टाइप केला त्यांतले अनेक आज नाहीत. म्हणून कबाडीला हाक मारण्यापूर्वी आत काय आहे ते पाहणे आवश्यक आहे.

जुनी मराठी फाइल उघडल्यावर भलतेच का दिसते

हा अनुभव अनेकांना येतो. जुनी फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे यांची खिचडी दिसते. "फाइल खराब झाली" असे म्हणून ती पुसली जाते. खरे तर फाइल चांगली असते.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. जुन्या पद्धतीत एका फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ खाने असत आणि ते इंग्रजी अक्षरे व चिन्हांसाठी ठरलेले होते. मराठीसाठी वेगळी जागाच नव्हती. तेव्हा आपल्याकडच्या कंपन्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या खान्यात मराठी अक्षराचे चित्र बसवले. फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचाच क्रमांक राहिला, फक्त त्या फाँटमुळे डोळ्यांना मराठी दिसले. फाँट काढला की खालचे इंग्रजी उघडे पडते. भर म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येकाची खाने भरण्याची पद्धत निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये वाचता येत नाही.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्यात प्रत्येक लिपीला स्वतःचे क्रमांक आहेत. 'क' चा क्रमांक २३२५ आहे, मग तो इंदूरला टाइप केलेला असो की टोरांटोला, मोबाइलवर असो की संगणकावर. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय झाली, पण छपाईच्या कामात जुने फाँट त्यानंतरही बरीच वर्षे चालले. म्हणून साधारण २०१० पर्यंतच्या मराठी फाइलींबाबत सावध राहावे.

मजकूर बाहेर कसा काढावा

पहिले काम मूळ फाइलींची प्रत करण्याचे. जुना सीपीयू चालू होत नसेल तरी निराश होऊ नये. मजकूर हार्ड डिस्कमध्ये असतो आणि ती चार स्क्रू काढले की बाहेर येते. जुन्या डिस्कला चाळीस टाचण्यांचा रुंद सॉकेट असतो, तिला आयडीई म्हणतात. नंतरच्या साटा डिस्कचा सॉकेट अरुंद व चपटा असतो. दोन्ही जोडता येतील असा यूएसबी अडॅप्टर बाजारात मिळतो. त्याने ती डिस्क नव्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी लावता येते. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावतात, म्हणजे आजच्या मोबाइलचा एक फोटोही मावणार नाही, पण शंभर पानांचा कुलवृत्तांत सहज मावतो. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नये. त्याने उरलेलेही जाते. अशी डिस्क जाणकाराकडे द्यावी.

दुसरे काम फाँट शोधण्याचे. जुन्या यंत्रात विंडोजच्या फोल्डरमध्ये फाँट्‌स नावाचे फोल्डर असते. ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्यातला योग्य फाँट नव्या संगणकावर बसवला की बहुतेक वेळा मजकूर लगेच मराठीत दिसू लागतो. आणखी एक गोष्ट जपावी. काही मराठी सॉफ्टवेअरसोबत प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचे बोटभर लांबीचे कुलूप येत असे. ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. सीपीयूच्या मागे असे काही लटकलेले दिसले तर ते काढून फेकू नये.

तिसरे काम पीडीएफ करण्याचे. मजकूर बरोबर दिसला की त्याची पीडीएफ करावी. पेजमेकरमध्ये केलेल्या स्मरणिकेसाठी तर हाच सोपा मार्ग आहे. पीडीएफची सोय नसेल तर कागदावर छापून स्कॅन करावे.

चौथे काम युनिकोडमध्ये बदलण्याचे. त्यासाठी फाँट परिवर्तक मिळतात, मात्र मूळ फाँट कोणता हे माहीत असावे लागते. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. चुका विशेषतः ऱ्हस्व इकारात आणि रफारात होतात. जुन्या फाँटमध्ये जसे दिसते त्या क्रमाने टाइप करत, म्हणजे 'कि' मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी क, मग वेलांटी. 'शर्मा' मधला रफार जुन्या फाँटमध्ये शेवटी येई, युनिकोडमध्ये तो 'मा' च्या आधी येतो. या अदलाबदलीत आडनावे बिघडतात आणि कुलवृत्तांतात आडनावे बिघडून चालणार नाही. निवृत्त मंडळींना बसल्या बसल्या करण्यासारखे हे काम आहे.

शेवटी दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. एक घरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी मुलाकडे किंवा क्लाउडवर. एकच पेन ड्राइव्ह म्हणजे सुरक्षित ठेव नव्हे.

कोणते यंत्र वापरात ठेवावे

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. सापडलेल्या पळवाटा बुजवणे कंपनी थांबवते. विंडोज १० साठी नोंदणी करणाऱ्यांना एक वर्षाची जोड सोय दिली गेली. एक्सपी किंवा ७ चे यंत्र टायपिंगला, जुने गाणे ऐकायला, स्कॅनर चालवायला खुशाल वापरावे, पण इंटरनेटला जोडू नये. त्यावरून बँकेचे व्यवहार तर मुळीच करू नयेत.

विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप त्यात बसत नाही. पण तो लगेच मोडीत काढायलाही नको. जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घातली तर पेपर वाचणे, पत्र लिहिणे, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे एवढी कामे तो नीट करतो. मराठीसाठी त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो.

चाललेल्या यंत्राची तारीख दरवेळी जुन्या सालावर जात असेल तर बोर्डावरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. ती बदलली की झाले. तारीख चुकीची असेल तर पुष्कळ संकेतस्थळे उघडतही नाहीत. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तो चार्ज करू नये. बॅटरी टोचू किंवा दाबूही नये, आग लागण्याचा धोका असतो.

हौस म्हणून जपायचे असेल तर

काही सभासदांना जुनी यंत्रे जमवण्याचीच आवड असते आणि तीही चांगली आवड आहे. भारतात १९८४ पासून शाळांमध्ये क्लास प्रकल्पातून बीबीसी मायक्रो संगणक आले होते. एचसीएल, विप्रो, झेनिथ यांची जुनी यंत्रेही आपल्या देशाच्या उद्योगाच्या खुणा आहेत. पण संग्रह आणि अडगळ यात फरक आहे. संग्रहातल्या वस्तूची नोंद असते. प्रत्येक यंत्राचे नाव, घेतल्याचे साल, कोणी वापरले, चालते की नाही आणि आत काय आहे, हे एका वहीत लिहावे. बँकेतल्या डेड स्टॉक रजिस्टरसारखे. यंत्राबरोबर त्याची केबल, सीडी आणि पुस्तिका एकत्र ठेवावी. माळव्यातल्या पावसाळ्यात ओल लागते, तेव्हा यंत्र जमिनीवर ठेवू नये. डबा मॉनिटर घरी उघडू नये, बंद केल्यावरही त्यात जोराचा विद्युतभार राहू शकतो.

देताना आणि टाकताना

डिलीट केले म्हणजे माहिती गेली, असे नाही. लेजरची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने तशीच राहतात, तसेच हे असते. झटपट फॉरमॅटचेही तेच. पॅन कार्डाची प्रत, पासबुकाचे फोटो, आयकराचे विवरण या डिस्कवर असते. चालू यंत्र कोणाला देताना विंडोज १० किंवा ११ मध्ये रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा. यंत्र बंदच असेल तर डिस्क काढून घ्यावी आणि फिरत्या डिस्कला ड्रिलने दोन-तीन आरपार भोके पाडावीत.

राहिलेला सांगाडा ई-कचरा होय. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. यामागचे कारण साधे आहे. डबा मॉनिटरच्या काचेत आणि जुन्या झाळकामात शिसे असते. अनेक ठिकाणी तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात आणि बोर्ड आम्लात बुडवतात. तो धूर आणि ते पाणी कोणाच्या तरी वस्तीतच जाते. आपल्या इंदुरात कचरागाडीवर ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. लहानसहान वस्तू त्यात द्याव्यात. मोठ्या वस्तूंसाठी नोंदणीकृत केंद्राकडे विचारणा करावी आणि पावती मागावी.

आमची सभासदांना एक विनंती आहे. या दिवाळीच्या सफाईपूर्वी घरातल्या सर्व संगणकांची, डिस्कची, फ्लॉपींची आणि सीडींची एका कागदावर यादी करा. ज्यांत मराठी मजकूर असण्याची शक्यता आहे त्यांपुढे खूण करा. स्मरणिका, कुलवृत्तांत, नाट्यसंहिता, जुन्या सभांची इतिवृत्ते असे काही सापडले तर पुसण्यापूर्वी मंडळाच्या ग्रंथालयाला एक प्रत द्या. आणि घरात ऐंशी-पंच्याऐंशीचे कोणी असतील, तर यादी करताना त्यांना शेजारी बसवा. कोणत्या फाइलीत काय आहे, हे आज फक्त त्यांनाच सांगता येईल.