वर्गातील टिपणांसाठी लॅपटॉप : घ्यावा की न घ्यावा?

गेल्या महिन्यात भिवंडीचे एक यंत्रमाग-मालक आमच्याकडे आले. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या बऱ्याच मुली लेक्चर लॅपटॉपवर उतरवून घेतात, मलाही हवा, असा तिचा हट्ट. किंमत पस्तीस हजार. ‘‘भाईसाहेब, सूताची उधारी डोक्यावर आहे. पण तालीमचा खर्च म्हटला की नाही म्हणवत नाही. तुम्हीच सांगा, हो म्हणू की नको?’’ हाच प्रश्न आमच्या अनेक वाचकांच्या घरी असणार, म्हणून जे ठाऊक आहे ते येथे देत आहोत.

उचलून नेता येणारा संगणक ही तशी नवी चीज नाही. 1981 साली अमेरिकेत ऑस्बॉर्न-1 हे यंत्र निघाले. वजन सुमारे 11 किलो आणि पडदा अवघा 5 इंचांचा! वर्गात नेण्यापेक्षा हमालाच्या डोक्यावर देण्याजोगे. 1983 मध्ये आलेला टीआरएस-80 मॉडेल 100 मात्र वहीएवढा होता आणि चार पेन्सिल सेलवर चाले. पडद्यावर फक्त आठ ओळी दिसत, तरी वार्ताहरांनी तो डोक्यावर घेतला. ऐकलेले भराभर टिपणे हे वार्ताहराचे कामच. विद्यार्थ्याचे काम तेवढेच आहे का?

2014 साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकेतील दोन संशोधकांनी याची परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी व्याख्यान हाताने टिपले, काहींनी लॅपटॉपवर. टंकणाऱ्यांनी जास्त शब्द उतरवले, पण वक्त्याचे शब्द जसेच्या तसे. नुसत्या माहितीच्या प्रश्नांत दोघे बरोबरीत राहिले. विषय समजला की नाही हे पाहणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे गेले. शब्दशः उतरवू नका असे बजावूनही टंकणाऱ्यांची सवय सुटली नाही. येथे एक गोष्ट लपवणे बरे नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरप्रयोगात शब्दशः उतरवण्याची सवय पुन्हा दिसली, पण गुणांतला फरक दिसला नाही. तेव्हा लॅपटॉपने मूल नापास होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. कॅनडातील 2013 च्या एका अभ्यासातली बाब आम्हाला जास्त खटकते. वर्गात लॅपटॉपवर भलतेच काही उघडून बसणाऱ्यांचे गुण घसरले, आणि तो पडदा ज्यांच्या नजरेसमोर होता त्यांचेही घसरले.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर वर्गातले टिपण ही कीर्द आणि घरचा अभ्यास ही खतावणी. दिवसभर गल्ल्यावर जे घडेल ते कीर्दीत पडते. पण कोणाकडे किती येणे आहे हे खतावणी केल्यावरच कळते. लॅपटॉपवाला विद्यार्थी कीर्द सुरेख ठेवतो आणि खतावणी झालीच असे समजून निर्धास्त झोपतो. पूर्वीच्या उस्तादांना हे ठाऊक होते. हदीसच्या दर्समध्ये इम्ला, म्हणजे उस्ताद सांगत आणि शागीर्द लिहून घेत, ही जुनी रीत. पण लिहिले म्हणजे काम संपले असे नसे. ती प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहत; त्याला मुकाबला म्हणत.

म्हणून आमचे मत असे : वर्गात वही, घरी लॅपटॉप. त्याच संध्याकाळी वहीतले टिपण स्वतःच्या शब्दांत यंत्रावर उतरवले की खतावणी आपोआप होते, आणि परीक्षेच्या वेळी हवा तो मुद्दा क्षणात शोधता येतो. हिशेबाच्या विषयात तर वर्गात वहीच बरी. जमा-नावेचे दोन रकाने पेनाने जितक्या झटपट आखता येतात तितके कळफलकावर येत नाहीत. मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण असते. इंग्रजी टंकण्याचा हात बसलेला असला तरी स्वतःच्या लिपीचा कळफलक वेगळा शिकावा लागतो. मात्र ज्या मुलाचा हात दुखतो, ज्याला लिहिणे जड जाते, किंवा जो प्रोग्रामिंगच शिकतो आहे, त्याला लॅपटॉप द्यायला कचरू नका.

घ्यायचाच तर नवाच हवा असे नाही. टिपणे आणि हिशेब एवढ्या कामाला लॅमिंग्टन रोडवरचा वापरलेला लॅपटॉपही पुरतो. चार्जर काढून दुकानातच अर्धा तास चालवून बघा, एकेक कळ दाबून पाहा आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. टिपणांची दुसरी प्रत दर जुम्म्याला पेन ड्राइव्हवर घ्यावी. यंत्र बिघडले तर एकदम सगळ्या विषयांची टिपणे जातात.

भिवंडीच्या साहेबांना आम्ही हेच सांगितले. परवा त्यांचा फोन आला. एक डझन वह्या आणल्या आहेत, लॅपटॉपचे सहामाहीनंतर पाहू असे मुलीशी ठरले आहे. जुना कितीला मिळेल, याची चौकशी मात्र तिने आत्तापासूनच सुरू केली आहे म्हणे.